नशा करणाऱ्यांना सरकार फुकट सुया का देतं?

२०२४ च्या जुलैत त्रिपुरातला एक आकडा घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. '८२८ विद्यार्थ्यांना एचआयव्ही, ४७ जणांचा मृत्यू.' वाचणाऱ्याला वाटावं, हे सगळं गेल्या महिन्यात घडलं. मग त्रिपुराच्या एड्स नियंत्रण संस्थेने खुलासा केला की हा आकडा एप्रिल २००७ ते मे २०२४ अशा सतरा वर्षांतल्या नोंदींचा आहे. खुलासा अर्थातच फॉरवर्ड झाला नाही. मात्र त्या गोंधळात एक गोष्ट खरी होती. या संसर्गामागे इंजेक्शनने घेतली जाणारी नशा हे मोठं कारण असल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं.

त्यानंतर पुष्कळांना दुसरा धक्का बसला तो हे कळल्यावर की यावर उपाय म्हणून आपलं सरकार अशा लोकांना नव्या सुया देतं, तीही फुकट, आणि अड्ड्यावर जाऊन. कराच्या पैशातून गर्दुल्ल्यांना सुया? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सुईपासूनच सुरू करावं लागतं.

(एक शब्द आधी बाजूला ठेवू. 'गर्दुल्ला' हा मराठीने १९८०च्या दशकात ब्राऊन शुगरबरोबर घडवलेला शब्द. माणसाला एकदा तो चिकटला की तो दवाखान्याची पायरी चढत नाही. या लेखाचा निम्मा विषय हाच आहे.)

## सुईच्या तळाशी काय उरतं

सिरिंजचा दट्ट्या पूर्ण दाबला तरी आतलं सगळं बाहेर जात नाही. सुई आणि नळी जिथे जोडली जाते तिथे थोडी पोकळी राहते. तिला 'डेड स्पेस' म्हणतात, म्हणजे दट्ट्या पोचत नाही ती जागा. सुई काढता-घालता येते अशा नेहमीच्या सिरिंजमध्ये या पोकळीत साधारण ८४ मायक्रोलिटर द्रव उरतो. थेंबात सांगायचं तर दीड थेंबाहून थोडा जास्त. सुई नळीलाच पक्की असलेल्या इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये तोच आकडा जेमतेम २ मायक्रोलिटर असतो.

शिरेत सुई गेली की नाही हे बघायला दट्ट्या किंचित मागे ओढतात आणि नळीत रक्त येतं. म्हणजे उरलेल्या दीड थेंबात रक्त असतंच. तीच सिरिंज पुढच्याने वापरली की ते रक्त थेट त्याच्या शिरेत जातं. एचआयव्ही उघड्यावर वाळलेल्या रक्तात लवकर निकामी होतो, पण बंद नळीतल्या ओल्या रक्तात तो काही दिवस टिकतो. थंड ठेवलेल्या सिरिंजमध्ये सहा आठवड्यांपर्यंत जिवंत विषाणू सापडल्याचे प्रयोग आहेत. पाण्याने एकदा खळखळून काढली की झालं, ही समजूत चुकीची. ब्लीचने धुणं हा अगदीच दुसरं काही हाताशी नसेल तेव्हाचा मार्ग आणि त्याची खात्री नाही.

हिपॅटायटिस सी तर याहून चिवट. तो सुईबरोबरच सामायिक पाण्यातून, ज्या चमच्यात किंवा झाकणात माल विरघळवला त्यातून आणि गाळायला घेतलेल्या कापसाच्या बोळ्यातूनही जातो. 'आम्ही सुई वेगवेगळी वापरतो' असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या चौघांचं पाणी एकाच बाटलीच्या बुचातलं असतं.

## एका महिन्याचं गणित

एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या माणसाची सुई एकदा वापरली तर लागण होण्याची शक्यता साधारण १०,००० वेळांमागे ६३ धरतात. म्हणजे एक टक्क्यालाही खाली. ऐकून हायसं वाटतं. पण ब्राऊन शुगरसारख्या अफूवर्गीय पदार्थाचा अंमल काही तासच टिकतो, म्हणून इंजेक्शन दिवसातून दोन-तीनदा घेतलं जातं. तीनदा धरलं तर महिना-सव्वा महिन्यात शंभरचा आकडा गाठला जातो. शंभर वेळा अशी सुई वाटून घेतली तर लागण होण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. नुकतीच लागण झालेल्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असतात. तो टोळक्यात असेल तर हे गणित आणखी बिघडतं.

मणिपूरमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. १९८९ मध्ये तिथे इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही जवळजवळ सापडत नव्हता. १९९० उजाडून पुढे सरकेपर्यंत तपासलेल्यांतले निम्मे बाधित निघाले. तरुण अचानक जास्त बेजबाबदार झाले होते असं काही नाही. एकाच जाळ्यातल्या सगळ्यांच्या हातून त्याच सुया फिरत होत्या आणि त्या जाळ्यात विषाणू शिरला, एवढंच.

आज देशभरात काय चित्र आहे? २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने इंजेक्शनने नशा करणाऱ्यांची संख्या साधारण साडेआठ लाख सांगितली. ही संख्या जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत पंजाब, उत्तर प्रदेश, मणिपूर, नागालँडबरोबर महाराष्ट्रही आहे. सर्वसाधारण प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत २०२१ च्या पाहणीत ते ९.०३ टक्के आढळलं, म्हणजे चाळीसपटींहून अधिक. ही माणसं बेटावर राहत नाहीत. त्यांना बायका आहेत, जोडीदार आहेत, काहींना मुलं आहेत.

## मग सुया सरकारी दवाखान्यात ठेवा की!

ठेवल्या तर कोणी येत नाही. यात आळसाचा भाग थोडा, घड्याळाचा जास्त.

नशा उतरायला लागली की जे सुरू होतं त्याला मुंबई-पुण्यात 'टर्की' म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, अंगावर काटा. ती बहुधा पहाटे किंवा सकाळी गाठते, कारण रात्रीचा डोस संपलेला असतो. त्या वेळी पुडी हातात आहे आणि सुई नाही, तर माणूस सरकारी ओपीडी उघडण्याची वाट बघणार नाही. शेजारच्याची घेईल. मेडिकलवाला सिरिंज विकू शकतो, पण कपडे बघून 'नाही' म्हणतो. थोडक्यात, सुई उपलब्ध असणं आणि सकाळी साडेसहाला पुलाखाली हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सेवा पोचवायची रीत उलटी बसवली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्वयंसेवी संस्थांना 'टीआय' प्रकल्प देते. टीआय म्हणजे ज्यांना धोका जास्त त्या गटापुरतं नेमकं काम. प्रकल्पाचा कणा असतो पिअर एज्युकेटर. तो स्वतः त्या दुनियेतून आलेला असतो, अड्डे ओळखतो, अड्डे त्याला ओळखतात. इंजेक्शनच्या प्रकल्पात साधारण ४० माणसांमागे एक पिअर धरतात. त्यांच्यावर आउटरीच वर्कर, म्हणजे वस्तीत फिरून पिअरांच्या कामावर लक्ष ठेवणारा, शिवाय समुपदेशक, नर्स, अर्धवेळ डॉक्टर. शिवाय एक 'डीआयसी', म्हणजे ड्रॉप-इन सेंटर, जिथे येऊन अंघोळ करावी, दोन तास पडावं, जखमेला पट्टी करून घ्यावी. मुंबईत नव्वदीच्या दशकापासून असं काम चालू आहे; संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट हे त्यातलं जुनं नाव.

पिअरचा हिशेब करून बघा. ४० माणसं, दिवसाला तीन सुया, आठवड्याचे सात दिवस: ८४०. एका खांद्यावरच्या बॅगेत रोजच्या १२० नव्या सिरिंज आणि परत घेतलेल्या सुयांचा टणक डबा. वर्षाला माणशी २०० सुया पोचल्या तर जागतिक पातळीवर त्याला चांगली व्याप्ती म्हणतात. दिवसाला तीनच्या हिशेबाने गरज हजारावर जाते. म्हणजे 'चांगली' कामगिरी झाली तरी पाचातल्या चार वेळांना तो माणूस स्वतःच्या नशिबावर. सुया जास्त वाटल्या जातात ही तक्रार नेहमी ऐकू येते. आकडे बघितले तर तक्रार उलटी असायला हवी.

## बॅगेतली बारीक चूक

वाटप कागदावर पूर्ण आणि अड्ड्यावर सिरिंज न फोडलेल्या पाकिटात पडलेल्या, असं होतं तेव्हा बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं. सुईचा गेज-आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. हातावरच्या वरच्या शिरेला २६ गेजची आखूड सुई चालते. वर्षानुवर्षांच्या टोचण्याने हाताच्या शिरा कडक होऊन बसलेल्या माणसाला ती निरुपयोगी असते. कोणी २ मिलिची सिरिंज मागतो, ज्याच्या मिश्रणाचं प्रमाण जास्त तो ५ मिलिची. वरून एकच माप आलं तर तो आपली जुनी, बोथट, पण 'बसणारी' सुईच वापरत राहतो. आणि डेड स्पेस कमी असलेली सिरिंज कितीही चांगली असली तरी ती कामाला येत नसेल तर तिचा उपयोग शून्य. आधी विचारायचं, मग मागणी नोंदवायची. इतकी साधी गोष्ट, पण खरेदी वर्षातून एकदा होते आणि अड्ड्यावरचा माल तीन महिन्यांत बदलतो.

बॅगेत सुयांखेरीज स्पिरिटचे बोळे असतात. ते टोचण्याआधी त्वचा पुसायला. नंतर कोरडा कापूस दाबून धरायचा, कारण स्पिरिटने रक्त थांबायला वेळ लागतो. कंडोम असतात. आणि गळूची मलमपट्टी. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ब्राऊन शुगर महाग झाली किंवा मिळेनाशी झाली की मेडिकलमधली इंजेक्शनं मिसळून घेतली जातात. अशी औषधं शिरेबाहेर सांडली की मांस जळतं, पू होतो, खड्डा पडतो. एचआयव्ही पुढच्या दहा वर्षांतली गोष्ट; गळू आज ठणकतं. जो माणूस तपासणीचं नाव काढल्यावर उठून जातो तोच पट्टीसाठी रोज बसतो. पाच दिवस पट्टी करणाऱ्या नर्सने सहाव्या दिवशी 'एकदा रक्त बघू का?' विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाही.

वापरलेल्या सुया परत घेणं हा याच कामाचा भाग. त्या न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नष्ट होतात. पण एक सुई परत दिल्याशिवाय दुसरी नाही, अशी काटेकोर अट घातली की व्यवस्था कोसळते. पोलिसांच्या भीतीने माणूस वापरलेली सुई खिशात बाळगत नाही, मग रिकाम्या हाताने पिअरकडे येतही नाही. सुया परत मागायच्या, पण परत नसेल तरी नवी द्यायची, हाच व्यवहारी मार्ग.

## 'फुकट सुई म्हणजे नशेला प्रोत्साहनच ना?'

हा आक्षेप सर्वांत जुना. सुई बदलून देण्याची पहिली योजना १९८४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली, तीही नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने आणि एचआयव्हीसाठी नव्हे, हिपॅटायटिस बीच्या भीतीने. तेव्हापासून हा प्रश्न अनेक देशांत तपासला गेला आहे. सुया मिळतात म्हणून नवे लोक इंजेक्शनकडे वळले, किंवा जुन्यांनी जास्त वेळा घेतलं, असं आढळलेलं नाही. आणि ते नवलाचं नाही. माणूस पुडीच्या ओढीने इंजेक्शन घेतो, सुई स्वस्त आहे म्हणून नाही. घरात फुकट शाई आहे म्हणून कोणी कविता करायला लागत नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी नावाचा ग्रामीण भाग आहे. तिथल्या साधारण चार हजार वस्तीच्या ऑस्टिन गावात वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेतल्या जात. राज्यात सुयांच्या वाटपाला कायद्याने मनाई होती. पूर्वी वर्षाला चार-पाचही नवे एचआयव्ही रुग्ण न सापडणाऱ्या त्या भागात २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत १८१ निघाले. त्याआधी, साथ पसरत असतानाच, मार्च २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांना आणीबाणी जाहीर करून सुया बदलून द्यायला परवानगी द्यावी लागली, आणि ते या कल्पनेचे समर्थक मुळीच नव्हते.

## जिभेखालची गोळी

सुई बदलल्याने वाटणी थांबते. टोचणं थांबत नाही. टोचणंच थांबवायचं तर 'ओएसटी' लागते: अफूवर्गीय नशेच्या जागी डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलं जाणारं औषध. भारतात मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिन, काही ठिकाणी मेथाडोन.

हे औषध कसं चालतं? मेंदूत अफूवर्गीय पदार्थांना बसायच्या ठरलेल्या जागा असतात. ब्राऊन शुगर हा तिथे बसून धिंगाणा घालणारा आणि चार-सहा तासांत उतरून जाणारा प्रवासी. जागा रिकामी झाली की टर्की. ब्युप्रेनॉर्फिन एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यासारखं आहे. एकदा बसलं की चोवीस तास आणि त्याहून जास्त उठत नाही, आवाज करत नाही, आणि मागून ब्राऊन शुगर आली तरी तिला टेकू देत नाही. त्यामुळे टर्की येत नाही आणि वरून टोचून घेतलं तरी मजा येत नाही. डोस वाढवत नेला तरी एका पातळीनंतर श्वास दबण्याचा परिणाम वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर ही सुरक्षितता उरत नाही.

पहिल्या दिवशी एक अडचण हमखास येते. माणसाने सकाळीच टोचून घेतलं असेल आणि लगेच ही गोळी दिली तर ती आधीच्या प्रवाशाला अक्षरशः ढकलून उठवते आणि मिनिटांत भयंकर टर्की सुरू होते. तो माणूस परत येत नाही आणि 'ती गोळी विष आहे' असं अड्डाभर सांगतो. म्हणून पहिला डोस टर्की दिसू लागल्यावरच द्यायचा, थोडा, आणि तास-दोन तास बसवून ठेवायचं.

पुढचं रोजचं दृश्य असं. माणूस रांगेत येतो, नाव सांगतो, कार्ड दाखवतो. नर्स त्याच्या डोसच्या गोळ्या मोजते, कुटून भुकटी करते आणि जिभेखाली टाकते. मग पाच-दहा मिनिटं बाकावर, तोंड मिटून, बोलायचं नाही. गोळी गिळली तर बहुतांश वाया जाते. ती जिभेखालीच विरघळून रक्तात जायला हवी. शेवटी जीभ वर करून दाखवायची. कुटण्याचं कारण उघड आहे: अख्खी गोळी गालात लपवून बाहेर नेऊन विकता येते, भुकटी नेता येत नाही.

योजना फसते ती दोन ठिकाणी. एक, डोस फार कमी ठेवला जातो. डॉक्टरला 'हाही नशाच' असं आतून वाटत असतं, तो हात आखडतो, माणसाची टर्की पुरती जात नाही, तो संध्याकाळी पुन्हा टोचतो, आणि मग 'बघा, उपयोग नाही' म्हणायला सगळे मोकळे. दुसरं, वेळ. केंद्र सकाळी उशिरा उघडतं आणि नाक्यावर काम मिळतं ते आठच्या आत. रोज गोळी की रोज मजुरी, यात मजुरी जिंकते. कोविडच्या टाळेबंदीत काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला परवानगी मिळाली. ज्यांचा जम बसला आहे त्यांच्यासाठी ती सवलत म्हणजे नोकरी टिकण्याचं साधन आहे.

'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं म्हणणाऱ्यांना एवढंच: मधुमेही रोज इन्शुलिन घेतो त्याला आपण इन्शुलिनचा व्यसनी म्हणत नाही. शरीर या गोळीवर अवलंबून राहतं हे खरं, लपवू नये. पण ती घेणारा सकाळी कामावर जातो, पुडीच्या पैशासाठी चोरी करत नाही आणि टोचत नाही. ओएसटीवर असताना एचआयव्ही होण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो. किती दिवस घ्यायची? महिन्यांत नव्हे, बहुधा वर्षांत. घाईने बंद करणं सगळ्यात धोक्याचं. सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले दिवस म्हणूनच जिवावर बेततात.

## 'हे पैसे व्यसनमुक्तीला द्या'

द्यावेतच. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी महाराष्ट्रात हजारो घरं सावरली. पण सोडायचं ठरवलेल्या माणसासाठी ते दार आहे. आज न ठरवलेल्याचं काय? तो ठरवेपर्यंत, आणि ठरवून दोन-तीनदा घसरेपर्यंत, एचआयव्ही न होता जिवंत राहायला हवा. सुई देणारा पिअर आणि व्यसनमुक्ती केंद्र हे प्रतिस्पर्धी नाहीत. केंद्राचा पत्ता बहुतेकांना पहिल्यांदा त्या पिअरकडूनच कळतो.

## पोलीस धरत नाहीत का?

धरतात, आणि इथे कायद्याचे दोन चेहरे समोरासमोर येतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २७ सेवन करण्यालाच गुन्हा ठरवतं. हेरॉइनसारख्या पदार्थांना एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्याचं ६४-अ मात्र स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देऊ शकतं. ते फारसं कोणाला माहीत नसतं.

दुसरा चेहरा २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २२ सांगतं की केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेलं काम गुन्हा ठरत नाही, दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: नोंदणीकृत कार्यक्रमातली व्यक्ती वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देते, तेव्हा देणारा आणि घेणारा दोघांवरही कारवाई होऊ शकत नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं कलम आपल्याकडे क्वचितच सापडेल. अडचण अशी की बीटवरच्या हवालदाराने ते वाचलेलं नसतं. म्हणून चांगला प्रकल्प दर बदलीनंतर नव्या पोलीस निरीक्षकाला भेटतो, पिअरला फोटोचं ओळखपत्र देतो आणि कलमाची मराठी प्रत बॅगेत ठेवतो. हे न करणाऱ्या प्रकल्पाचे पिअर एका धाडीत गायब होतात आणि चाळीस माणसांचा धागा तुटतो.

## सुईच्या पुढे

बोटाला टोचून घेतलेल्या एका थेंबाची झटपट चाचणी अड्ड्यावर किंवा डीआयसीत होते. ती फक्त चाळणी. पॉझिटिव्ह दिसली तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी पक्कं करतात. मग एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी औषधं. २००४ पासून ती मोफत आहेत. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच सुरू करतात. विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला की शरीरसंबंधातून लागण होत नाही. सुईच्या बाबतीत इतकी ठाम हमी नाही, म्हणून गोळ्या चालू असल्या तरी सुई वेगळीच.

गळती होते ती या टप्प्यांच्या मधल्या अंतरात. 'उद्या सकाळी अमुक इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर जा' ही चिठ्ठी बहुतेक वेळा खिशातच भिजते. दोन बस बदलायच्या, रांगेत तीन तास, त्यात टर्की. पिअर सोबत गेला, तोही माणसाचा सकाळचा ओएसटीचा डोस झाल्यावर, तर माणूस पोचतो. ओएसटी, एआरटी आणि हिपॅटायटिस सीच्या गोळ्या एकाच छपराखाली मिळाल्या तर टिकतो. हिपॅटायटिस सीवर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत उपचार आहेत, बहुतेकांना १२ आठवड्यांचे, आणि त्यांनी तो पूर्ण बरा होतो. एवढी चांगली बातमी अड्ड्यावर फार थोड्यांपर्यंत पोचली आहे.

सर्वांत कमी पोचतात त्या बायका. त्या उघड्या अड्ड्यावर बसत नाहीत. सुई बहुधा जोडीदार आणतो, आधी स्वतः टोचतो, मग तिला टोचतो. म्हणजे वापराच्या क्रमातही ती दुसरी. पुरुष पिअर तिच्या दारात जाऊ शकत नाही, आणि डीआयसीत आठ पुरुष झोपलेले असताना ती आत येत नाही. बाई पिअर, वेगळी वेळ, मुलाला घेऊन बसायला जागा: इतकंच लागतं, पण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ते 'जादा' ठरतं. दुसरे निसटणारे म्हणजे फोनवर माल मागवून खोलीत घेणारे तरुण. अड्डाच नाही, तर पिअर जाणार कुठे? तिथे प्रकल्पाकडे आधीपासून येणाऱ्याने मित्रासाठी जास्तीच्या दहा सुया नेणं हाच रस्ता, आणि हुशार पिअर तेवढ्या मोजून न मोजल्यासारखं करतो.

## बेशुद्ध पडलेला माणूस आणि गटाराकडेची सुई

दोन गोष्टी कोणाच्याही समोर येऊ शकतात.

ओठ निळे, बाहुल्या टाचणीएवढ्या, घोरल्यासारखा किंवा तुटक श्वास, हलवलं तरी जाग नाही: हा ओव्हरडोस असू शकतो. १०८ ला फोन करायचा, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन अफूवर्गीय पदार्थाला जागेवरून उठवतं आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा अंमल तास-दीड तासात ओसरतो, म्हणून 'उठला, बरा झाला' म्हणून सोडून जायचं नाही. मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन देण्याची जुनी समजूत अजून चालते. त्याने काही होत नाही, वेळ मात्र जातो.

आणि रस्त्यावर सुई दिसली तर टोपण परत लावायचा प्रयत्न करू नका. टोचतं ते तेव्हाच. चिमट्याने किंवा जाड कागदाने मागच्या बाजूला धरून जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोक आधी, टाका आणि झाकण घट्ट लावा. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, चोखायची नाही. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालय. लागण रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. रात्री-अपरात्री काय करायचं कळेना झालं तर नाकोची मोफत हेल्पलाइन १०९७. घरात नशेचा प्रश्न असेल तर १४४४६.